रेकॉर्ड प्लेअरची जुळणी: आधी थप्पी चाळा, मग मशीन घ्या

सांगली, मिरज, वाई, सातारा या पट्ट्यातल्या जुन्या घरांत माळ्यावरून उतरणारी रेकॉर्डची थप्पी बहुतेक वेळा मिसळीची निघते. तळाला नाट्यपदांच्या किंवा मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, म्हणजे ‘७८’ च्या जड तबकड्या, त्यावर सात इंची छोट्या रेकॉर्ड म्हणजे ईपी, आणि सगळ्यात वर साठ-सत्तरच्या दशकातले एलपी, म्हणजे मोठ्या, जास्त वेळ वाजणाऱ्या रेकॉर्ड. ही थप्पी न चाळताच लोक चकचकीत मशीन मागवतात आणि खोका उघडल्यावर कळतं, यावर ७८ चा वेगच नाही.

म्हणून खरेदीचा क्रम रेकॉर्डपासून सुरू करायचा. रेकॉर्ड कोणती, त्यावरून पिन, पिनवरून कार्ट्रिज (पिनची थरथर विजेत बदलणारी डबी), कार्ट्रिजवरून टोनआर्म (ती धरणारा दांडा, पुढे नुसता आर्म), मग फोनो प्रीअँप (कार्ट्रिजची क्षीण वीज वाढवणारा), ॲम्प्लिफायर आणि शेवटी स्पीकर. प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट तपासायची: मागून जे येतंय ते पुढच्याला झेपतंय का. महागडं कार्ट्रिज न मानवणाऱ्या आर्मवर लावलं, तर साध्या पण जुळलेल्या जोडीपेक्षा वाईट वाजतं.

थप्पीची वाटणी

७८ ची तबकडी लाखेची असते. जाड, जड, वाकवायला गेलात तर सरळ तुटते, आणि दहा इंचीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं वाजते. एलपी-ईपी प्लास्टिकच्या, लवचिक. दोन्हींतला खरा फरक मात्र डोळ्यांना दिसत नाही, तो खाचेच्या रुंदीत असतो. ७८ साठी पिनच्या टोकाची त्रिज्या साधारण ३ मिल (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ७६ मायक्रॉन लागते. स्टिरिओ एलपीच्या गोल टोकाच्या पिनची त्रिज्या ०.६ ते ०.७ मिल, सुमारे १५ ते १८ मायक्रॉन. चौपटीहून जास्त फरक आहे.

एलपीची पिन ७८ वर ठेवली तर ती खाचेच्या भिंतींना धरत नाही. तळाशी साचलेल्या मळातून घसरत जाते, आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते. उलट केलंत, म्हणजे ७८ ची पिन एलपीवर ठेवलीत, तर ती खाचेत उतरतच नाही, काठ खरवडत जाते. ती एलपी गेली असं समजा. चावीच्या ग्रामोफोनवर एलपी लावणं त्याहून वाईट. त्याच्या साउंडबॉक्सचा, म्हणजे सुई धरणाऱ्या डबीचा, रेकॉर्डवरचा भार शंभर ग्रॅमच्या वर असतो आणि पोलादी सुई एका बाजूपुरतीच बनवलेली असते.

थप्पीत ७८ चार-दोनच असतील तर त्यांच्यासाठी सगळी जुळणी बदलू नका. कोणाकडून तरी एकदा संगणकात उतरवून घ्या. पण तीसएक असतील तर मशीन निवडताना दोन अटी पक्क्या करा: ७८ चा वेग हवा, आणि पिन किंवा हेडशेल (आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज धरणारा तुकडा) बदलता आलं पाहिजे. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-एलपी१२०एक्समध्ये दोन्ही आहे. त्याच कंपनीच्या स्वस्तातल्या एटी-एलपी६०एक्समध्ये ३३ आणि ४५ एवढेच वेग आहेत आणि कार्ट्रिज बदलता येत नाही. टेक्निक्सच्या जुन्या एसएल-१२०० एमके२ वरही ७८ नाही. हे नाव ऐकून जुना सेट घेणारे इथेच फसतात.

पुराच्या पाण्यातल्या रेकॉर्ड

सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेल्या रेकॉर्ड अजून विकायला येतात. कृष्णेचा गाळ खाचेत वाळला की तो पॉलिश पेपरचं काम करतो. नवी पिन त्याच्यावर घालू नका. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या पातळ साबणाचे दोन-तीन थेंब टाका, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवत धुवा, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने खळबळा आणि सावलीत उभ्या वाळवा. मधल्या लेबलला पाणी लागू देऊ नका. लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा सॅनिटायझर चुकूनही लावू नका, लाख त्यात विरघळते. एलपीचं प्लास्टिक त्यात विरघळत नाही, म्हणून लोक तीच बाटली ७८ कडे नेतात. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर आडव्या ठेवलेल्या एलपी वाकतात. वाकलेली एलपी आर्मला खालीवर नाचवते, आणि पुढचं जुळणीचं गणित नेमकं त्याच्याशीच निगडित आहे.

जुन्या पेटीतला सिरॅमिक

घरात एचएमव्ही फिएस्टासारखा पेटीवजा प्लेअर असेल तर त्यात बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असतं. हल्लीच्या सूटकेससारख्या स्वस्त प्लेअरमध्येही तेच. ते काही शे मिलिव्होल्ट देतं, म्हणून त्याला फोनो प्रीअँप लागत नाही. ॲम्प्लिफायरच्या फोनो सॉकेटला लावलं तर आवाज फाटतो. ऑक्सला (साध्या लाइन सॉकेटला) लावलं तर फाटत नाही, पण तळ जातो, तबला टिनपाट वाजतो. कारण सिरॅमिकला समोर सुमारे दहा लाख ओहमचा भार हवा असतो आणि ऑक्सला बहुतेक ठिकाणी दहा ते पन्नास हजार ओहमच मिळतो. अशा पेटीत पिन उलटवायची खिट्टी असते, एका बाजूला एलपी, दुसऱ्या बाजूला ७८. खिट्टी कुठल्या बाजूला आहे ते बघून मगच आर्म खाली ठेवा.

या पेट्यांच्या पिनचा रेकॉर्डवरचा भार ५ ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. आवडीची एलपी रोज त्यावर लावू नये. ती पेटी ७८ आणि घासलेल्या ईपींसाठी ठेवा.

कार्ट्रिज आणि आर्म: एक सोपं गणित

आर्म आणि कार्ट्रिज मिळून एका विशिष्ट कंपनसंख्येला झुलतात. ही संख्या ८ ते १२ हर्ट्झमध्ये पडली पाहिजे. त्याखाली गेली तर वाकलेल्या रेकॉर्डचे हेलकावे आणि माडीवरची पावलं आर्मला नाचवतात. फार वर गेली तर ती संगीताच्या खालच्या सुरांत शिरते. संख्या अशी काढा: आर्मचं प्रभावी वजन (पिनपाशी जाणवणारं), कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूचं साधारण १ ग्रॅम यांची ग्रॅममध्ये बेरीज करा. तिला कार्ट्रिजच्या कंप्लायन्सने, म्हणजे पिनच्या लवचिकपणाच्या आकड्याने गुणा. गुणाकाराचं वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा.

एक गोम आहे. जपानी कंपन्या कंप्लायन्स १०० हर्ट्झला मोजून छापतात, गणिताला तो १० हर्ट्झचा लागतो. छापील आकड्याला १.५ ते २ ने गुणून अंदाज धरतात, इथे १.७५ धरू. हे न करता थेट आकडा घातला की उत्तर उगाच वर जातं आणि चांगली जोडी नापास होते.

एसएल-१२०० चं प्रभावी वजन १२ ग्रॅम धरून तीन कार्ट्रिजं बघा. एटी-व्हीएम९५ई चं वजन ६.१ ग्रॅम, छापील कंप्लायन्स ७, म्हणजे धरायचा सुमारे १२. बेरीज १९, उत्तर साडेदहा हर्ट्झ. उत्तम. ऑर्टोफोनच्या टूएम रेडचं वजन ७.२ ग्रॅम आणि कंप्लायन्स २०. ही जपानी कंपनी नव्हे, म्हणून तो जसाच्या तसा घ्यायचा. उत्तर ७.९. काठावर, पण सपाट रेकॉर्डवर चालतं. डेननचं डीएल-१०३ वजनाला ८.५ ग्रॅम, छापील ५, म्हणजे पावणेनऊ. उत्तर साडेअकराच्या जरा वर. हेही बसतं, पण या कार्ट्रिजची खरी अडचण पुढे प्रीअँपला येते.

मिसळीच्या थप्पीला व्हीएम९५ मालिका सोयीची पडते, कारण तिच्या सगळ्या पिना एकमेकांच्या बॉडीवर बसतात. रोजच्या एलपीला ई ची लंबगोल पिन, ७८ ला एसपी ची ३ मिलची. पिन पुढे ओढून काढायची, दुसरी बसवायची, आणि लगेच भार बदलायचा: ई ला २ ग्रॅम, एसपीला सुमारे ५ ग्रॅम. भार बदलायला विसरलात तर ७८ ची पिन २ ग्रॅमवर उड्या मारते, आणि एलपीची पिन ५ ग्रॅमवर मान टाकते. बदलताना हात थरथरत असेल तर दुसऱ्या हेडशेलवर दुसरं कार्ट्रिज कायमचं लावून ठेवणं बरं, थोडे पैसे जास्त जातात इतकंच.

नाण्याबद्दल एकदा स्पष्ट सांगायला हवं. रेकॉर्ड अडकायला लागली की हेडशेलवर रुपयाचं नाणं ठेवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. रुपयाचं नाणं तीन ते चार ग्रॅमचं. २ ग्रॅमवर लावलेली पिन त्याने पाच-सहा ग्रॅमने दाबली जाते. गाणं पुढे सरकतं खरं, पण खाचेच्या भिंतीची किंमत देऊन. अडकण्याचं कारण बहुधा मळ, झिजलेली पिन किंवा चुकलेला अँटिस्केट (आर्मला आत ओढणारा ताण रोखणारी सोय) यांतलं एक असतं.

भार आणि कोन लावणं

अँटिस्केट शून्यावर घ्या, पिनचं झाकण काढा आणि आर्म मोकळा सोडून मागचं वजन फिरवत आणा, आर्म तराजूच्या दांडीसारखा आडवा तरंगेपर्यंत. तिथे आर्म धरून ठेवा, वजनावरची आकड्यांची चकती तेवढी शून्यावर आणा आणि मग पूर्ण वजन फिरवून २ वर न्या. अँटिस्केटही २ ठेवा. चकतीवर भरवसा ठेवू नका, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा पिनचा डिजिटल काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. बऱ्याच आर्मच्या चकतीवर ५ ग्रॅमचा आकडाच नसतो, त्यामुळे ७८ साठी काटा लागतोच.

कोनासाठी छापील प्रोट्रॅक्टर वापरा. दोन खुणा असतात, बेअरवाल्ड पद्धतीत केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर. दोन्ही ठिकाणी पिनची दांडी रेघांना समांतर दिसली पाहिजे; बॉडी नव्हे, दांडी. प्रिंट काढताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा आणि कागदावर १०० मिलिमीटरची रेघ पट्टीने मोजून बघा. झेरॉक्सच्या दुकानात हटकून आकार लहान होऊन येतो. टेक्निक्सच्या आर्मला सोपी खूण आहे: हेडशेलच्या मागच्या रबरी वॉशरपासून पिनच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर.

कोन चुकला की रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ फाटतात, पहिल्या गाण्यात फरक जाणवत नाही. सगळ्याच गाण्यांत फाटत असतील तर पिन झिजली आहे किंवा भार कमी आहे. ऑडिओ-टेक्निकाच्या म्हणण्यानुसार लंबगोल पिन सुमारे ३०० तास, गोल टोकाची ५०० तास टिकते. रोज एक एलपी वाजवणाऱ्याची लंबगोल पिन साधारण वर्षभरात बदलायला येते.

फोनो प्रीअँप

इथे तीन आकडे जुळवायचे: वाढ (वीज किती पट होते), ओहम (कार्ट्रिजसमोरचा विजेचा रोध) आणि पिकोफॅरड (तारा-प्रीअँपची वीज साठवण्याची क्षमता, म्हणजे कपॅसिटन्स).

एमएम (हलणाऱ्या चुंबकाचं) कार्ट्रिज ३ ते ६ मिलिव्होल्ट देतं. ४० डेसिबल वाढ म्हणजे शंभर पट, ४ चे ४०० मिलिव्होल्ट होतात आणि ॲम्प्लिफायर खूश. डीएल-१०३ एमसी (हलणाऱ्या कॉइलच्या) जातीचं, ते देतं ०.३. त्याच प्रीअँपवर ३० मिलिव्होल्टच मिळतात. आवाज वाढवत नेलात की गाण्याआधी ‘सूं’ असा आवाज येतो. त्याला ६० डेसिबलची एमसी सोय हवी आणि १०० ओहम किंवा त्याहून जास्त भार. ही सोय नसेल तर ते कार्ट्रिज घेऊ नका.

एमएमला ४७ हजार ओहम सगळीकडेच मिळतात. पिकोफॅरडकडे मात्र कोणी बघत नाही. आर्ममधली तार आणि सोबतची केबल मिळून साधारण १०० ते २०० होतात, त्यात प्रीअँपचे आणखी १०० ते २२०. व्हीएम९५ई ला एकूण १०० ते २०० हवेत. त्याची कॉइल ५५० मिलिहेन्रीची, म्हणजे २०० पिकोफॅरडला तिचा कंपनबिंदू १५ किलोहर्ट्झच्या आसपास बसतो. केबलचे १५० आणि प्रीअँपचे २२० मिळून ३७० झाले की तो ११ वर येतो. मग झांज आणि ‘स’ टोचायला लागतात आणि त्यावरचा बारीक नाद नाहीसा होतो. लोक कार्ट्रिजला नावं ठेवतात, दोष केबलचा असतो. टूएम रेडला १५० ते ३०० चालतात, त्यामुळे लांब केबलवर ते जास्त सहन करतं.

मोजायचं असेल तर हेडशेल काढा, केबल प्रीअँपमधून सोडवा आणि मल्टिमीटर कपॅसिटन्सच्या सर्वात लहान रेंजवर ठेवून प्लगची मधली पिन आणि बाहेरची कडी यांत बघा. २ नॅनोफॅरडची रेंज असलेला मीटर हवा. २०० नॅनोफॅरडपासून सुरू होणारा काही सांगणार नाही.

मशीनमध्ये प्रीअँप आत असेल तर मागे फोनो-लाइन असं बटण असतं. लाइनवर ठेवून ॲम्प्लिफायरच्या फोनोत घातलं की दोनदा वाढ होते, आवाज घोगरा आणि फाटका. फोनोवर ठेवून ऑक्समध्ये घातलं की लांबून कुणी कुजबुजल्यासारखं. पहिल्या दिवसाच्या निम्म्या तक्रारी इथे सुटतात.

प्रीअँपमधली आरआयएए सुधारणा (रेकॉर्ड कापताना खालच्या-वरच्या सुरांत केलेला ठरावीक बदल उलटवणारी) १९५४ ची आहे. त्याआधीच्या ७८ तशा ध्वनिमुद्रित झालेल्या नाहीत, म्हणून त्यांचा वरचा सूर दबलेला येतो. ट्रेबल थोडा चढवा. ७८ मोनो असतात, तेव्हा ॲम्प्लिफायरचं मोनो बटण दाबा. पिनच्या खालीवर हालण्यातून येणारी खरखर त्याने बरीच कटते.

वीज, अर्थ आणि वेग

परदेशातून आणलेल्या सेटचं मागचं लेबल वाचल्याशिवाय प्लग घालू नका. अमेरिकी सेट ११० ते १२० व्होल्टचा, जपानी १०० चा. टर्नटेबलला वीज फार लागत नाही, १०० व्हीएचा स्टेपडाउन पुरतो. जपानी सेटला १०० व्होल्टचा टॅप असलेलाच घ्या. पण ट्रान्स्फॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. बेल्टवर चालणारा, एसी मोटरचा, ६० हर्ट्झसाठी बनलेला सेट आपल्या ५० वर सहाव्या हिश्श्याने हळू फिरतो. ३३ चा वेग २८ च्या खाली येतो आणि काळी चारचं गाणं पांढरी चारच्याही किंचित खाली उतरतं. त्याला ५० हर्ट्झची पुली मिळत असेल तरच घ्या. क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्हला, म्हणजे बेल्टशिवाय थेट मोटरवर फिरणाऱ्या सेटला, हा त्रास नाही.

तासगाव, खानापूरकडे शेतीचे पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं. एसी सिंक्रोनस मोटरचा वेग त्याने बदलत नाही, पण फारच पडलं तर सुरू होताना ती अडखळते. ॲम्प्लिफायरसाठी स्टॅबिलायझर लावा. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मोटर गुरगुरते आणि ती गुरगुर थेट पिनमधून स्पीकरात येते. साइन वेव्हचाच हवा.

सतत ‘हूं’ येत असेल तर मशीनची बारीक अर्थची तार प्रीअँपच्या जीएनडी स्क्रूला लावा, भिंतीतल्या सॉकेटला नव्हे. जुन्या वाड्यांत दोन पिनी सॉकेट असतात आणि अर्थ नसतोच. ॲम्प्लिफायरपुरता तरी तीन पिनी पॉइंट वायरमनकडून काढून घ्या.

वेग तपासायला स्ट्रोबची चकती घ्या, वेग बरोबर असला की तिच्यावरच्या रेघा स्थिर दिसतात: आपल्या ५० हर्ट्झला ३३⅓ साठी १८० रेघा, ७८ साठी ७७. एलईडीखाली रेघा अनेकदा स्थिर दिसतच नाहीत. निऑन टेस्टरचा उजेड किंवा चोकवाली जुनी ट्यूब चालते. ७८ च्या जुन्या रेकॉर्ड मुळातच नेमक्या ७८ ला मुद्रित झालेल्या नसतात. गायकाची पट्टी माहीत असेल तर हार्मोनियम घेऊन बसा. काळी दोनचं पद पांढरी तीनला वाजत असेल तर वेग सहा टक्क्यांनी जास्त आहे. पिच कंट्रोलने खाली घ्या.

बैठक आणि स्पीकर

ॲम्प्लिफायर-स्पीकरचं फारसं अवघड नाही. ४ ओहमचे स्पीकर ८ ओहमच्या ॲम्प्लिफायरला लावू नका, आणि ८६ डेसिबलच्या स्पीकरला ९२ च्या स्पीकरइतका आवाज काढायला चौपट वॅट लागतात हे लक्षात ठेवून निवडा. बारा बाय दहा फुटांच्या खोलीला प्रत्येक बाजूला ३० वॅट पुष्कळ.

बैठकीवर जास्त लक्ष द्या. वाड्याच्या माडीला लाकडी तक्तपोशी असते, चालणाऱ्याच्या प्रत्येक पावलाला आर्म उडतो. तिथे मशीन टेबलावर न ठेवता बाहेरच्या भिंतीला ब्रॅकेट ठोकून फळी लावा. खाली फरशी असेल तर टेबलावर शहाबादीचा दीड फुटी तुकडा ठेवा, त्याखाली चार कोपऱ्यांना रबराचे पाय द्या आणि स्पिरिट लेव्हलने दोन्ही दिशांना सपाटी बघा. स्पीकर त्या फळीवर किंवा टेबलावर अजिबात नकोत.

जुळणी झाल्यावर मोटर बंद ठेवून पिन थांबलेल्या रेकॉर्डवर टेकवा, आवाज हळूहळू नेहमीच्या पातळीच्या वर न्या आणि फळीवर बोटाने टिचकी मारा. नुसता ‘टक’ आला तर ठीक. घुमत राहिला, वाढत गेला, किंवा स्पीकरचा पडदा सुरांशिवायच आतबाहेर हलायला लागला, तर लगेच आवाज कमी करा, स्पीकर दोन-तीन फूट लांब सरकवा, रबराचे पाय बदलून बघा आणि प्रीअँपला सबसॉनिक फिल्टर (ऐकू न येणारे खालचे हेलकावे कापणारा) असेल तर तो चालू करा.